सातवं जाळं

सिस्टर आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आल्या, तेव्हा टेम्पोतून सामान कमी आणि काठ्या जास्त उतरल्या. लांब, पोकळ, ॲल्युमिनियमच्या काठ्या. मी विचारलं, "तंबू ठोकता का काय कुठे?"

"जाळी लावते. पाखरं धरते," त्या म्हणाल्या.

पिरंगुटात भाडेकरू म्हणजे कंपनीत जाणारी मुलं, फार तर नवीन लग्न झालेलं जोडपं. साठी उलटलेली, एकटी, पाखरं धरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आधारकार्ड बघून घेतलं आणि अट घातली की जिन्यात पिसं नकोत.

"पिसं पाखराच्या अंगावरच राहतात. गळायला लागली तर समजायचं, धरणाऱ्याचा हात वाईट."

त्यांचं नाव लीला गायधनी. ते नाव फक्त विजेच्या बिलाला उपयोगी पडलं. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या, त्यामुळे दूधवाल्यापासून सगळ्यांच्या त्या सिस्टरच. नोकरीत असताना रजा काढून उत्तरेला कच्छच्या किनाऱ्यावर एका मोहिमेत गेल्या आणि तिथे हे काम शिकून आल्या. थंडीत परमुलखातून येणारी पाखरं बारीक जाळ्यात धरायची, पायात नंबर कोरलेलं हलकं कडं घालायचं, वजन करायचं, पंख मोजायचा आणि सोडून द्यायचं. पुढे कधी ते पाखरू पुन्हा कुणाच्या हाती लागलं, तर कुठून कुठे गेलं ते कळतं. लोक कच्छच्या समुद्राबद्दल विचारायचे. सिस्टर तिथल्या चिखलाबद्दल सांगायच्या.

मी उरवड्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. एकदा त्यांनी माझ्या हातची किराण्याची यादी पाहिली आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर सुंदर नाही, पण वाचता येतं. रविवारी काय करतेस?" अशी मी त्यांची लेखनिक झाले. पाखरांचं वेड मला तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण नीट चाललेलं काम बघायला मला आवडतं, आणि सिस्टरांचं काम नीट चालायचं.

आमची जागा मुळशी धरणाच्या उत्तर काठावर. अलीकडच्या काठाला गाडी लावायची आणि सुभाषच्या बोटीने पलीकडे जायचं. सुभाष तिकडच्याच वाडीतला. बोट त्याची, काठ्या रोवायला हात त्याचा, आणि जाळ्यातून पाखरू सोडवायलाही तो सिस्टरांच्याच हाताखाली शिकला. त्यांना तो 'शिश्टर' म्हणायचा. पाणी ओसरलं की काठाला बुडालेल्या शेतांचे जुने बांध वर यायचे, त्या बांधांच्या आधाराने आम्ही सात जाळी लावायचो. सातवं सगळ्यांत लांब, एका ओहोळाच्या पलीकडे, पाणकणसांच्या बेटाजवळ. दिवस कलला की भिंगऱ्या, पाकोळीसारखी ती दुभंग शेपटीची पाखरं, मुक्कामाला त्या बेटातच उतरायच्या.

सिस्टरांची रीत थिएटरची होती. नखं कापलेली, हातात बांगडी नाही, घड्याळसुद्धा पिशवीत. जाळं बघायची वेळ झाली की चहाचा कप तोंडाशी आलेला असला तरी खाली ठेवायचा. पाखराला त्या 'पेशंट' म्हणत. "पेशंटला ऊन लागतंय, सावली कर." "पेशंट ओरडतोय, म्हणजे ठीक आहे. गप्प बसलेल्याला आधी घे." कुणी लाडाने पाखराच्या डोक्यावरून बोट फिरवलं की त्या खेकसायच्या, "ते आपल्याकडे आपणहून आलेलं नाही. आपण आणलंय. काम करा आणि सोडा."

आणि त्यांचा एक शब्द होता, 'मिटलं'. छत्री मिटावी तसं जाळं गुंडाळून, बांधून मिटायचं. उघडं जाळं रात्रभर राहिलं तर अडकलेलं पाखरू सोडवायला कुणी नसतं. म्हणून निघण्याआधी सिस्टर टेबलापाशी उभ्या राहून एकेका जाळ्याची हाळी द्यायच्या. "पहिलं मिटलं का?" ज्याच्या हाताने मिटलं असेल त्यानेच उत्तर द्यायचं, "मिटलं!" सातही उत्तरं आल्याशिवाय बोट सुटायची नाही. टाके घालण्याआधी थिएटरात कापसाचे बोळे मोजतात, त्यातलाच हा प्रकार. "आत काही राहिलं तर पेशंट हसत घरी जातो आणि आठवड्याने मरतो," असं त्या सहज, भाजी निवडता निवडता सांगायच्या.

घरीसुद्धा तेच. रात्री जिन्यावरून हाक यायची, "शैला, गेट मिटलं का?" गेट मिटत नाहीत, लावतात, हे मी त्यांना बरेचदा सांगितलं. शेवटी मीही 'मिटलं' म्हणायला लागले. त्याशिवाय त्यांचा दिवा जात नसे.

एकदा आदल्या थंडीत कडं घातलेला धोबी पक्षी पुन्हा त्याच जाळ्यात आला. हिमालय ओलांडून जाऊन आलेलं, मुठीत मावणारं पाखरू. सुभाष नाचायचाच बाकी होता. "शिश्टर, ह्यो तर आपला जावई! दिवाळसणाला आला न्हवं!" सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून त्याचा पाय उजेडाला धरला, कड्याखाली फुंकर मारून बघितलं आणि म्हणाल्या, "सूज नाही. लिही." त्यांचा आनंद एवढाच. मात्र त्या दिवशी त्यांनी चहात दोन चमचे साखर जास्त घातली. मी बघितलं.

सुभाषची आई कधीमधी बांधावर येऊन बसायची. कड्याला ती वाळा म्हणायची. एकदा बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाई, वाळा आपुन आपल्या लेकराला घालतो. तुमी हिला घातला, आता ही तुमच्या नावावर झाली. मेली तर तिचं सुतक कुनाला, त्ये ठरवलंय का?"

"आये, गप की!" सुभाष म्हणाला.

सिस्टर हसल्या नाहीत. हातातली भिंगरी उडवून दिली, ती पाण्यावरून लांब जाईपर्यंत बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "परवानगीच्या कागदावर सही माझी आहे, आजी. म्हणजे मलाच."

मी हे हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नव्हतं, हे पुढे कळलं.

ती गोष्ट होळीनंतरची. त्या मोसमातली शेवटची फेरी. परतीच्या वाटेला लागायच्या आधी भिंगऱ्या थव्याने गोळा होतात, तारांवर मण्यांसारख्या बसतात. त्या दिवशी सकाळपासून हवा कोंदट होती. ताम्हिणीच्या बाजूने आभाळ काळं पडत होतं, आणि पाणी तर असं सपाट की बोटीची रेघ बराच वेळ मोडत नव्हती. दुपारी सातव्या जाळ्याकडून आरडाओरडा ऐकू आला.

किसन आला होता. सुभाषचा चुलतभाऊ. ओहोळापलीकडची ती जमीन त्याच्या वाट्याची. तिथे बंगल्यांसाठी गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, आणि आम्ही पाखरांचे कागद दाखवून जमीन सरकारच्या घशात घालू, अशी त्याची खात्री होती. गेले दोन रविवार तो काठी आपटून गेला होता. या खेपेला काठीने जाळंच ढोसत होता.

"माज्या बापाची जिमीन हाय! पाखरं काय सातबारा दावत्यात व्हय तुला?"

"अरं, जिमीन कोन मागतंय, येड्या!" सुभाषही इकडूनच चढ्या आवाजात म्हणाला.

सिस्टरांनी सुभाषला ओहोळापलीकडे पाठवलं. "भांडू नकोस. बस त्याच्याजवळ. तुझा भाऊ आहे, तूच मिटव."

आम्ही इकडची जाळी मिटायला लागलो. एव्हाना वारा सुटला होता. पाणी काठाला फटाफट आपटत होतं, टेबलावरचे कागद धरून ठेवावे लागत होते. सिस्टरांनी हाळ्या द्यायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. सहा झाली. ओहोळापलीकडे सुभाष आणि किसन बांधावर शेजारीशेजारी बसलेले दिसत होते, किसन तंबाखू मळत होता. सिस्टरांनी तोंडाभोवती हात धरून ओरडून विचारलं, "सातवं मिटलं का?"

सुभाष उठून उभा राहिला. दोन्ही हात वर करून, तोंडभर हसत ओरडला, "मिटलं, शिश्टर! मिटलं एकदाचं!"

मी वहीत सातव्यापुढे खूण केली. काठ्या आणि मिटलेली जाळी सुभाष नंतर काढून आणायचा; आम्ही बाकीचं सामान बोटीत भरलं आणि निघालो.

अलीकडे पोहोचेपर्यंत बोट हेलकावे खायला लागली होती. सामान गाडीत ठेवताना सुभाष खुशीत होता. "शिश्टर, किसन निवळला. म्हनला, फुडल्या साली बी या, पर माज्या वावरात गाडी घालू नका. आमच्या दोघांत लई दिसांचं हुतं, त्ये बी मिटलं."

सिस्टर गाडीच्या दारापाशी थांबल्या. "आणि जाळं?"

"कुठलं जाळं?"

"सातवं. कोणी मिटलं?"

सुभाषचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. "म्या कुटं जाळ्याला हात लावला? तुमी भांडनाचं इचारलं न्हवं?"

वर बघण्याची गरज नव्हती, तरी आम्ही तिघांनी वर बघितलं. पलीकडच्या काठावर, काळ्या ढगाखाली, भिंगऱ्यांचा थवा गोळा होत होता. धुरासारखा. एकदा पसरायचा, एकदा आवळायचा.

मी आधी किसनला फोन लावला. पलीकडे रेंज नसते हे माहीत असूनही लावला. सिस्टर तेवढ्यात जाऊन बोटीत बसल्या होत्या.

"सोड बोट, सुभाष."

"शिश्टर, लाटा बगा की. बोट उलटंल."

"मग मी वल्हवते."

मी पाण्यात उतरून त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. हलक्या होत्या, पण लोखंडासारख्या ताठ. "बुडालेल्या बाईला पाखरं सोडवता येत नाहीत," मी म्हटलं. "गाडीत बसा."

बोटीने थोड्या वेळात गाठता येणारा काठ, रस्त्याने जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. मी जेवढी दामटता येईल तेवढी गाडी दामटली. वाटेत गारा सुरू झाल्या. टपावर कुणीतरी मुठी आपटत असल्यासारखा आवाज. सुभाष मागच्या सीटवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला वाटलं भांडनाचं इचारलं." सिस्टर शेजारी बसल्या होत्या. मांडीवर हात, तळवे वर, बोटं थोडी उघडी. हात धुऊन झाल्यावर डॉक्टरची वाट बघत थिएटरात उभं राहतात तसे. त्या फक्त एकदा बोलल्या. "ओल्या पिसांनी ती फार वेळ काढत नाहीत."

पोहोचलो तेव्हा गारा थांबल्या होत्या आणि उजेड अजून थोडा होता. तो नसता तर बरं झालं असतं. जाळं पाण्याच्या आणि पाखरांच्या ओझ्याने जमिनीला टेकलं होतं. बांधाजवळ किसन गुडघ्यावर बसला होता, डोक्यावर पोतं, हातात विळा. त्याने जाळं उभं कापून काढलं होतं. शेजारी टोपली पालथी घातली होती, आणि टोपलीखालून बारीक चिवचिव येत होती.

"वढलं तर पाय तुटाया लागलं," तो सिस्टरांना म्हणाला. मघाचा काठीवाला किसन तो हाच, हे पटत नव्हतं. "म्हनून जाळंच कापलं. रागावू नका."

आमच्यात जाळं कापायची कुणाला परवानगी नव्हती. सिस्टर त्याच्या शेजारी चिखलात बसल्या. "बरं केलंत," म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "शैला, जिवंत आधी. हलत नाही ते बाजूला ठेव, त्याच्यावर वेळ घालवू नको."

त्यांची बोटं कशी चालत होती ते सांगण्यात अर्थ नाही. चालत होती. सुटलेली पाखरं त्या पुसून स्वतःच्या स्वेटरच्या आत सरकवत होत्या, आणि त्यांचं पोट श्वासाबरोबर नव्हे, आतल्या पाखरांनी हलत होतं. बाजूचा ढीग मोठा होता. त्यातल्या काही पायांत आमचीच कडी होती. त्यांचे नंबर वहीत माझ्याच हाताने लिहिलेले.

परतताना सुभाष म्हणाला, "शिश्टर, कोन बगाया आलंय? वाऱ्यानं बांधलेलं जाळं सुटलं, आसं कळवा."

"वारा सही करत नाही, सुभाष."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वनखात्याला जे झालं ते कळवलं, आणि काम थांबवत असल्याचंही. त्यात सुभाषचं नाव नव्हतं. माझ्या खुणेचाही उल्लेख नव्हता. 'मी विचारलेला प्रश्न अपुरा होता,' असं एक वाक्य होतं. मला ते जास्तीचं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "जाळं हा शब्द मी घेतला नव्हता."

त्याच आठवड्यात मी त्यांना आमटी पाठवली. वाटी तशीच परत आली. मी तणतणत वर गेले. त्या गॅसपुढे उभ्या होत्या. वरणभात होता, पांढरा, नुसता.

"फोडणी आहे ना त्यात," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे सुतकात फोडणी देत नाहीत. ज्या बाईने आयुष्यात देवापुढे हात जोडलेले मी पाहिले नाहीत, ती बाई पाखरांचं सुतक पाळत होती. मी वाटी घेऊन खाली आले. दहा दिवस होईपर्यंत माझ्याही आमटीला फोडणी पडली नाही. घरच्यांनी विचारलं, मी मोहरी संपली म्हणून सांगितलं.

काठ्या त्यांनी सुभाषला दिल्या. त्याच्या परसात त्यांच्यावर घेवडा चढला. रात्रीची जिन्यावरची हाक बंद झाली. गेट मी लावत होतेच, पण कुणी विचारत नसल्यामुळे दोनदा उठून बघायला लागले.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी त्या भाचीकडे नाशिकला गेल्या, आणि तिथेच झोपेत गेल्या. फोनवर कळलं. पण त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते नाशिकला जायच्या थोडं आधी, त्याच उत्तर काठावर.

"एकदा बघून येऊ," असं त्यांनीच म्हटलं होतं. सुभाष बोटीने घेऊन गेला. किसनची जमीन विकली गेली होती. बंगले व्हायचे होते, तोवर मालकाने तिथे मत्स्यशेती काढली होती. पाण्याची चौकोनी तळी आणि मासे पाखरांनी खाऊ नयेत म्हणून सगळ्यावर ताणलेलं नायलॉनचं हिरवं जाळं. पाणकणसांचं बेट होतं तिथपर्यंत आलेलं. चारही बाजूंनी खिळे ठोकून पक्कं केलेलं. मिटायची सोयच नव्हती.

जाळ्यात ठिकठिकाणी काहीतरी लोंबकळत होतं. मला आधी कचरा वाटला. एक खंड्या होता, वाळून चिपाड झालेला. दोन बगळे. आणि बऱ्याच भिंगऱ्या. एक अजून फडफडत होती.

पहारेकरी सावलीत मोबाइल बघत बसला होता. सुभाषने त्याला विचारलं, "आरं, ही पाखरं कोन काडतं?"

"कोई नहीं निकालता," तो म्हणाला. "अपने आप गिर जाती हैं।"

सिस्टरांनी माझ्याकडे हात केला. मी पर्समधली दोरा कापायची छोटी कात्री दिली. त्या कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या आणि तळ्याच्या चिंचोळ्या बांधावरून चालत फडफडणाऱ्या भिंगरीपर्यंत गेल्या. पहारेकरी ओरडत उठला, सुभाष त्याच्या आडवा गेला. भिंगरी सुटली, उडाली. मला वाटलं, झालं, आता निघू. पण सिस्टर पुढच्या पाखराकडे वळल्या होत्या. ते हलत होतं की वाऱ्याने हलत होतं, लांबून कळत नव्हतं.

ऊन कलत होतं. पाण्यावर पश्चिमेकडून काळे ठिपके यायला लागले, आधी पाच-दहा, मग थवा. बेटात उतरायला येणाऱ्या भिंगऱ्या. येण्याची वाट तीच, वर्षानुवर्षांची. मधल्या हिरव्या चौकोनाची त्यांना खबर नव्हती.

"शिश्टर, चला आता!" सुभाष ओरडला. "मिटलं का?"

शब्द तोंडातून गेला आणि त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. वर्षभरात तो शब्द आमच्यापैकी कुणी त्यांच्यासमोर काढला नव्हता.

सिस्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. एक हात जाळ्यात वर गुंतलेला होता, दुसऱ्या हाताने त्यांनी आम्हाला थांबायची खूण केली. चष्मा कपाळावर सरकवला. आणि डोक्यावर थवा खाली उतरू लागला, तेव्हा त्या माझी ती दोऱ्याची कात्री घेऊन, जिथून हात पोहोचेल तिथून, ते एवढं मोठं जाळं कापायला लागल्या.